भट्टीवर पाणी मारण्याआधी

आग लागली की पाणी मारायचं, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. फाउंड्रीत मात्र हेच पाणी जिवावर बेतू शकतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ज्या भट्ट्यांमधून बिडाचा रस ओतला जातो, त्या रसाचं तापमान साधारण 1400 ते 1500 अंश सेल्सिअस असतं. त्या रसाखाली पाणी सापडलं, तर क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या जवळजवळ 1700 पट जागा लागते. ती जागा मिळवण्यासाठी वाफ वितळलेला धातूच उडवून देते. शेजारी उभ्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. फाउंड्रीतला जुना कामगार म्हणूनच ओला स्क्रॅप भट्टीत टाकू देत नाही आणि भट्टीभोवतीची जमीन कोरडी राहील यावर डोळा ठेवतो.

बाहेरून येणाऱ्या अग्निशमन जवानाला हे सर्वसाधारणपणे माहीत असतं. त्याच्या प्रशिक्षणात ते येतं. त्याला जे माहीत नसतं ते वेगळं: या शेडमध्ये भट्टी नेमकी कुठल्या टोकाला आहे, तिच्यात आत्ता रस आहे का, आणि मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूची पिंपं कुठं रचली आहेत. एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं बीड, करताना रसात मॅग्नेशियम घालावं लागतं. मॅग्नेशियम पेटलं आणि त्यावर पाणी मारलं, तर हायड्रोजन सुटतो आणि आग विझण्याऐवजी भडकते. तिथं कोरडी वाळू हवी. फाउंड्रीत वाळूला तोटा नसतो; ती वापरायची आहे हे वेळेवर कळायला हवं, एवढंच.

विजेचंही तसंच. आगीच्या जागी पोचल्यावर पहिली आरोळी असते, ‘लाईट तोडा!’ घराला, दुकानाला, गोदामाला हा नियम बरोबर आहे. इंडक्शन भट्टीत मात्र तांब्याच्या पोकळ कॉइलमधून पाणी सतत फिरत असतं. भट्टीची वीज बंद झाली तरी रस तापलेलाच असतो, त्यामुळं हे फिरतं पाणी थांबून चालत नाही. सगळा फीडरच बंद केला, पंप थांबला आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर कॉइल तापते, अस्तर दगा देतं आणि रस व पाणी एकमेकांना भेटण्याची वेळ येते. म्हणून चांगल्या फाउंड्रीत डिझेलवर चालणारा पंप असतो किंवा उंचावर पाण्याची राखीव टाकी असते. ती आहे का, तिचा व्हॉल्व्ह कुठं आहे आणि वीज तोडण्याआधी कुणाला विचारायचं, हे आगीच्या रात्री दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला कळलं पाहिजे.

यातली बरीचशी माहिती सरकारदरबारी कुठंतरी लिहिलेली असते आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. प्लॉटचा नकाशा, रस्ते आणि पाण्याची लाईन एमआयडीसीकडं. कारखान्याचा परवाना, कामगारांची संख्या आणि धोकादायक रसायनांची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं. कुठला कच्चा माल येतो, काय तयार होतं, किती कचरा निघतो, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात. एलपीजी किंवा पेट्रोलियमचा मोठा साठा असेल, तर त्याचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेकडं. वीजभार किती आणि कुठल्या फीडरवर, हे महावितरणकडं. प्रत्येक अर्जासोबत नकाशे जोडलेले असतात, शिक्के मारलेले असतात, फी भरलेली असते. कारखानदारानं तीच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा लिहून दिलेली असते. आणि बंब दारात उभा राहतो तेव्हा त्यातला एकही कागद बंबात नसतो. अधिकारी वॉचमनला विचारतो, ‘आत काय आहे?’ वॉचमन महिन्यापूर्वी कामाला लागलेला असू शकतो.

आता फोन करणाऱ्याची बाजू बघू. समजा, रात्रीच्या पाळीत कोअर शॉपला, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे बनवतात त्या विभागाला, आग लागली. कोअर बनवायच्या वाळूत रेझिन मिसळलेलं असतं, ते धुरकट जळतं आणि घसा धरतो. एक कामगार बाहेर पळत येऊन 112 लावतो. महाराष्ट्रात ही सेवा 2021 पासून सुरू आहे आणि तिची केंद्रं नवी मुंबई व नागपूर इथं आहेत. म्हणजे फोन उचलणारी व्यक्ती कोल्हापुरात बसलेली नसते. ‘शिरोलीत आग लागलीय’ एवढं ऐकून तिनं काय समजायचं? हातकणंगले तालुक्यात पुलाची शिरोली आहे, करवीर तालुक्यात शिरोली दुमाला आहे आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळ हा अख्खा तालुका आहे. एमआयडीसी म्हणावं, तर कोल्हापूर परिसरात गोकुळ शिरगावची आहे, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित आहे. त्यात फोन करणारा बिहारचा किंवा ओडिशाचा असेल, तर त्याला कारखान्याचं पाटीवरचं नावही धड सांगता येत नाही. तो मालकाच्या आडनावानं सांगतो, नाहीतर चहाच्या टपरीवरून खूण सांगतो. मोबाईल टॉवरवरून जागा कळते, पण तीही अंदाजे. शेडला शेड लागून असलेल्या भागात तो अंदाज पुरत नाही.

त्यात हद्दींचा गुंता आहे. शिरोली एमआयडीसी कोल्हापूरला चिकटल्यासारखी वाटते, पण ती महापालिकेच्या हद्दीबाहेर, हातकणंगले तालुक्यात येते. भूखंड एमआयडीसीचे, आजूबाजूची वस्ती ग्रामपंचायतीची, पोलीस ठाणं शिरोली एमआयडीसीचं, आणि भाजलेल्या माणसाला बहुतेक वेळा न्यायचं ते पंचगंगा ओलांडून शहरातल्या सीपीआर रुग्णालयात. 108 रुग्णवाहिकेचं राज्याचं केंद्र पुण्यात आहे. 2014 साली 937 रुग्णवाहिकांनिशी ती सेवा सुरू झाली आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत. पण पोलिसांचा, बंबाचा आणि रुग्णवाहिकेचा पडदा वेगवेगळा असेल, तर ‘आत कोअर शॉपमधला अमाईनचा वायू आहे, वारा ज्या दिशेला वाहतोय त्या बाजूनं येऊ नका’ ही गोष्ट एकाला कळते आणि दुसरा थेट धुरात शिरतो.

मग या सगळ्या नोंदी एकमेकांना जोडायच्या कशा? संगणकाच्या बाजूनं हे काम कठीण नाही. कठीण आहे ती ओळख पटवणं. महावितरणला कारखाना बारा आकडी ग्राहक क्रमांकानं माहीत असतो, जीएसटी खात्याला पंधरा अक्षरांच्या क्रमांकानं, सुरक्षा संचालनालयाला परवाना क्रमांकानं, एमआयडीसीला प्लॉट क्रमांकानं. एकाच कारखान्याची ही चार नावं एकमेकांना ओळखत नाहीत. वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर, कारखाना आता प्रायव्हेट लिमिटेड, त्यातलं अर्धं शेड फेटलिंगवाल्याला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्याला, भाड्यानं दिलेलं आणि भाडेकरूचा परवाना तिसऱ्याच नावानं, हे चित्र कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दिसतं. एका यादीत ‘इंजिनिअरिंग वर्क्स’, दुसरीत ‘इंजि. वर्क्स’, तिसरीत इंग्रजी स्पेलिंग वेगळं. संगणक जुळवाजुळव करतो, पण त्याची खात्री माणसानं दारात जाऊनच करावी लागते.

माझ्या मते धागा धरायचा तो जागेचा. मालक बदलतो, कंपनीचं नाव बदलतं, उत्पादन बदलतं. प्लॉट तिथंच राहतो. एमआयडीसीत प्लॉट क्रमांक आहेच. वसाहतीला लागून गट नंबरच्या जमिनींवर जी शेडं उभी राहिली आहेत, त्यांच्यासाठी मुख्य गेटचे अक्षांश-रेखांश घेतले की काम भागतं. एका प्लॉटवर चार गाळे असतील, तर चार दारांच्या चार नोंदी. प्रत्येक दारावर मोठ्या अक्षरांत एक क्रमांक रंगवला आणि तोच क्रमांक सगळ्या खात्यांच्या नोंदींत एक रकाना वाढवून घातला, तर रात्री फोन करणाऱ्याला कुठल्याही भाषेत फक्त तेवढं वाचायचं आहे. 112 च्या पडद्यावर तो क्रमांक टाकला की गेट, पत्ता आणि धोका एकदम समोर यायला हवा.

यासाठी सगळ्या खात्यांचा मिळून एक अवाढव्य डेटाबेस बांधायला जाऊ नये. असे प्रकल्प निविदांमध्येच म्हातारे होतात. प्रत्येक खात्यानं आपलं दप्तर आपल्याकडंच ठेवावं आणि त्यातले मोजके रकाने रोज रात्री एका सामाईक पानावर उतरावेत. आणीबाणीत माणूस वीस पानं वाचत नाही. बंबाच्या केबिनमध्ये, हादऱ्यांमध्ये, तो फार तर एक पान वाचतो. त्या पानावर असावं तरी काय? मुख्य गेट पूर्वेला, मागच्या गेटला कुलूप, किल्ली वॉचमनकडं. भट्टी शेडच्या उत्तर टोकाला. रस असेल तर पाणी नको. फीडर तोडण्याआधी कूलिंगचा डिझेल पंप चालू आहे का विचारा. एलपीजीची टाकी नैऋत्य कोपऱ्यात, शेजारच्या प्लॉटच्या भिंतीला लागून. रेझिन आणि ॲसिड वेगवेगळ्या खोल्यांत. रात्रपाळीला साधारण किती माणसं, आणि पाळीच्या सुपरवायझरचा चालू फोन. नकाशावर पाण्याचा जवळचा हायड्रंट. बस. यातली एक ओळ जरी खरी आणि ताजी असली, तरी तिच्यानं माणूस वाचू शकतो.

न्यूयॉर्कला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात नुकसान झालेली डॉइश बँकेची उंच इमारत पुढं मजल्यामजल्यानं पाडली जात होती. 18 ऑगस्ट 2007 रोजी तिथं आग लागली. इमारतीत वर पाणी नेणारी उभी पाइपलाइन तळघरात तुटलेली होती आणि वर चढलेल्या जवानांना ते माहीत नव्हतं. नळी जोडली, पाणी येईना. त्यात विषारी धूळ बाहेर जाऊ नये म्हणून घातलेल्या आडोशांमुळं धूर कोंडला. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. बांधकाम खातं, पर्यावरण खातं आणि अग्निशमन दल, तिघांचाही या इमारतीशी संबंध होता. पण एकाची पाहणी दुसऱ्याला दिसत नव्हती. त्यानंतर शहरानं या खात्यांच्या पाहण्यांची माहिती एकमेकांना मिळेल अशी व्यवस्था लावायला सुरुवात केली.

आपल्याला तर याहून जुना आणि जवळचा धडा मिळालेला आहे. 1984 च्या भोपाळ वायुगळतीत कुठला वायू आहे आणि त्यावर काय करायचं, हे शहरातल्या डॉक्टरांनाही नीट सांगितलं गेलं नव्हतं. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेनं 1986 मध्ये कायदा केला: ठरावीक प्रमाणाच्या वर धोकादायक रसायन बाळगणाऱ्या कारखान्यानं त्याची यादी दरवर्षी राज्याला, स्थानिक समितीला आणि थेट जवळच्या अग्निशमन दलाला द्यायची. ती यादी वापरता यावी म्हणून तिथल्या सरकारी संस्थांनी ‘कॅमिओ’ नावाची संगणक प्रणाली केली. रसायनाचं नाव टाकलं की त्याचे गुण, धोके आणि काय करू नये हे समोर येतं. तिच्या जोडीचं ‘अलोहा’ हे साधन वायूचा ढग कुठवर पसरेल याचा अंदाज देतं.

भारतातही 1987 मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यानं धोक्यांची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांना द्यायची, असं तेव्हा आलेल्या कलम 41 बी नं ठरवलं. 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले, 1996 मध्ये जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या आपत्ती गटांचे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण दिलं. म्हणजे माहिती मागण्याचा अधिकार आहे, जमवण्याची जागा आहे. तुटतं ते शेवटच्या टप्प्यात, कपाटापासून बंबापर्यंत. शिवाय या नियमांचा रोख मोठ्या साठ्यांवर आहे. लहान फाउंड्रीचं रेझिन किंवा तिची एलपीजीची टाकी त्या मर्यादेच्या खाली राहते, आणि मग आपत्कालीन आराखडा सक्तीचा राहत नाही. शेजारी शेजारी असे दहा लहान साठे असले, तर ते कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. डोंबिवलीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला स्फोट झाले, तेव्हा चर्चा कारखाने हलवण्याची झाली. ती व्हावीच. पण कारखाने हलेपर्यंतच्या प्रत्येक रात्री बंब तर जाणारच आहे, त्याच्या हातात काय द्यायचं, हेही तितक्याच निकडीनं बोललं पाहिजे.

विचार करण्यासारखी एक गोष्ट शिरोलीच्या दारातच रोज दिसते. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून सांगली फाट्याच्या पुढं जाणाऱ्या एलपीजीच्या टँकरवर 1075 हा आकडा लिहिलेला असतो. तो संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर तशी माहितीपाटी सक्तीची आहे. टँकर उलटला, चालक बेशुद्ध असला, तरी दुरून दुर्बिणीतून आकडा वाचून आत काय आहे ते कळतं. चालत्या टँकरसाठी आपण हे करू शकलो. महामार्गावरून दिसणाऱ्या शेडसाठी तीच शिस्त लावणं तर त्याहून सोपं आहे, कारण शेड जागचं हलत नाही.

शिरोलीचा आणखी एक प्रश्न आहे, तो पाण्याचा. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक काही दिवस बंद राहिली आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. एरवी सीपीआर हाकेच्या अंतरावर. त्या दिवसांत ते नदीच्या पलीकडं. अशा वेळी भट्टीवर कुणी भाजला, तर रुग्णवाहिका पेठवडगावच्या बाजूनं न्यायची की इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात, आणि तो रस्ता तरी त्या तासाला उघडा आहे का, हे कुणीतरी फोन करकरून शोधत बसतं. पाटबंधारे खातं तर पावसाळ्यात रोज सांगतं की कुठले बंधारे पाण्याखाली गेले. बंधारा बुडाला की त्यावरून जाणारा रस्ता बंद, हे कोल्हापूरच्या शाळकरी पोरालाही कळतं. तीच यादी 108 च्या आणि 112 च्या नकाशावर आपोआप लाल रेघ होऊन उमटली, तर चालक बुडालेल्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन परत फिरणार नाही. असे वीस मिनिटांचे हेलपाटे भाजलेल्या माणसाला परवडत नाहीत.

पुरानं आणखी एक गोष्ट शिकवली. वीज जाते, टॉवर बंद पडतात, इंटरनेट नसतं. माहिती सर्व्हरवर सुरक्षित असेल आणि बंबापर्यंत पोचत नसेल, तर ती असून नसल्यासारखी. म्हणून सामाईक पानांची ताजी प्रत प्रत्येक बंबातल्या टॅबवर उतरवून ठेवलेली हवी, आणि शिरोली पोलीस ठाण्यात छापील फाइलही हवी. आपत्तीसाठी जेसीबी, बोटी, जनरेटर कुठं आहेत याची देशभराची यादी केंद्रानं 2003 मध्येच ‘इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क’ या नावानं सुरू केली. अशा याद्यांचं आयुष्य त्या ताज्या ठेवण्यावर असतं. तीन वर्षांपूर्वी बदली झालेल्या अधिकाऱ्याचा नंबर यादीत असला, तर ती यादी नसलेली बरी, कारण तिच्यावर विसंबून वेळ जातो.

कारखानदार याला बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं मी समजू शकतो. आज आगीसाठी म्हणून दिलेली माहिती उद्या नोटीस होऊन परत आली, तर? साठा दोन पिंपांनी जास्त लिहिला म्हणून दंड झाला, तर पुढच्या वेळी कुणीही खरं लिहिणार नाही, आणि खोटी माहिती जवानाच्या जिवावर उठेल. म्हणून हे पान तपासणीच्या कामात वापरलं जाणार नाही, असं लेखी आश्वासन हवं. कोण उघडतो त्याची नोंद राहायला हवी, आणि आग विझली की पडदा बंद व्हायला हवा. कामगारांची नावं, आधार क्रमांक, पगार यांचा इथं काही संबंध नाही. आत किती माणसं आहेत एवढा आकडा पुरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं वैद्यकीय आणीबाणी व आपत्तीसाठी माहिती वापरण्याची वाट मोकळी ठेवली आहे, पण त्या वाटेनं भलतंसलतं आत येऊ देऊ नये.

सुरुवात करायला शिरोली ही योग्य जागा आहे. वसाहत आटोपशीर आहे, इथं उद्योजकांची ‘स्मॅक’ ही संघटना वर्षानुवर्षं काम करते, आणि मालक, सुपरवायझर, वायरमन एकमेकांना नावानं ओळखतात. पहिली फेरी कुठल्या कंपनीला कंत्राट देऊन करण्यापेक्षा अग्निशमन दलाच्या जवानांनी स्वतः प्लॉटप्लॉट फिरून करावी. भट्टी पाहावी, टाकीवर हात ठेवून व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो ते बघावं, मागच्या गेटमधून बंब वळतो का ते प्रत्यक्ष वळवून पाहावं. पान तयार होईलच, शिवाय जो रात्री येणार आहे त्यानं ती जागा दिवसा पाहिलेली असेल.

आणि ते ताजं ठेवायला नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार तो लागू असलेल्या जागेच्या मालकानं किंवा भोगवटादारानं अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. त्याच्याच पाठीला हे एक पान जोडलं, तर वर्षातून दोनदा ते आपोआप तपासलं जाईल, आणि जुलैची फेरी नेमकी पंचगंगा फुगायच्या तोंडावर येईल.